मनगटावरचा हजेरीपट

साठी उलटलेल्या मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या अंगावर कोणती उपकरणे कोणत्या क्रमाने चढतात, याकडे समाजशास्त्राने अद्याप म्हणावे तसे लक्ष दिलेले नसले, तरी तो क्रम बराचसा ठरून गेलेला आहे. प्रथम वाचनाचा चष्मा, मग गुडघ्याचा पट्टा, त्यानंतर कमरेचा, पुढे श्रवणयंत्र (ज्याचे वास्तव्य कानापेक्षा टेबलाच्या खणात अधिक असते), आणि गेल्या दहाएक वर्षांत या सर्वांच्या जोडीला मनगटावरचे एक काळे, चौकोनी, मधूनमधून आपोआप उजळणारे घड्याळ, जे वेळही दाखवते. आधीची उपकरणे माणूस कुरकुरत का होईना, पण स्वतः जाऊन करून घेतो. हे घड्याळ मात्र भेट म्हणून येते, आणि बहुधा अशा अपत्याकडून येते, की ज्याला आईवडिलांच्या चालण्याची काळजी आहे, परंतु त्यांच्याबरोबर चालायला सवड नाही. घड्याळ एकाच्या हातावर असावे आणि समाधान दुसऱ्याच्या मनाला लाभावे, ही या तंत्रज्ञानाची पहिली खूण होय, आणि त्याचे पुढचे बहुतेक गुणदोष या एका व्यवस्थेतून उद्भवतात.

या घड्याळाला पाऊल कळते कसे, हे समजून घेतल्यावाचून पुढील विवेचनाला बूड राहणार नाही. घड्याळाच्या पोटात त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची एक सिलिकॉनची रचना असते, आणि तीत एक सूक्ष्म वस्तुमान तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. चालकाने करकचून ब्रेक लावला की एसटीत उभा असलेला प्रवासी जसा पुढे झुकतो, तसे ते वस्तुमान हाताच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर किंचित सरकते, त्या सरकण्याने शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते, आणि त्या बदलांच्या ओळीत चालण्याची ठरावीक लय सापडली की पाऊल जमा धरले जाते. थोडक्यात, घड्याळाची पायांशी ओळखच नाही. त्याचा सारा व्यवहार हाताशी आहे. शितावरून भाताची परीक्षा करण्यास आपल्याकडे पूर्वापार मान्यता असली, तरी हातावरून पायाची परीक्षा हा प्रकार नवा आहे, आणि त्यामुळे मराठी घरांतून काही अनपेक्षित निकाल लागतात.

भजनी मंडळात दोन तास मांडी घालून टाळ वाजवणाऱ्या गृहस्थांच्या खात्यावर बरीच पायपीट जमा होण्याचा संभव असतो, तर दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन मंडईतून घरापर्यंत चालत आलेल्या आजींची वाटचाल, हात हलले नाहीत या तांत्रिक कारणावरून, मोठ्या प्रमाणात नामंजूर होते. कणीक मळणे, ताक घुसळणे, चटणी वाटणे ही कामे लयबद्ध असल्यामुळे त्यांना चालण्याचा दर्जा मिळू शकतो. बादली उचलून गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत नेणे ही मात्र स्थिर हाताने करावयाची गोष्ट असल्यामुळे तिची फारशी दखल घेतली जात नाही. वॉकर ढकलत किंवा पाय घासत अगदी सावकाश चालणाऱ्यांच्या मोजणीत तूट पडते, हे तर अनेक चाचण्यांतून दिसून आलेले आहे. म्हणजे ज्याला एकेक पाऊल सर्वांत महाग पडते, त्याच्याच पावलांचा हिशेब सर्वांत ढिसाळ लागतो.

आजींच्या मनगटाची अडचण आणखी वेगळी आहे. घड्याळाची रचना करणाऱ्यांनी मनगट ही मोकळी जागा आहे असे गृहीत धरलेले दिसते, आणि महाराष्ट्रातील स्त्रियांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. घड्याळ बांगड्यांच्या वर चढवले तर ते कोपराच्या दिशेने सरकून घट्ट बसते, खाली बांधले तर पोळ्या लाटताना पिठाने माखते, आणि मधोमध ठेवले तर बांगड्यांशी दिवसभर भांडत राहते. परिणामी अनेक घरांत आजींचे घड्याळ कपाटात, ठेवणीतल्या साडीच्या घडीत, खोक्यासकट सुखरूप असते, आणि सकाळी साडेपाचपासून स्वयंपाकघर, देवघर, गॅलरी, दार आणि पुन्हा स्वयंपाकघर अशी अखंड ये-जा करणाऱ्या त्या घरातल्या सर्वांत चालत्या व्यक्तीची नोंद परदेशातल्या मुलाच्या फोनवर शून्य अशी पोहोचते.

घड्याळाच्या तळाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचे कार्य नाडी मोजण्याचे आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त कमीजास्त होते, आणि परत आलेल्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोक्यांची गणना होते. या नाडीवरून व्यायामाची मिनिटे ठरवणारी काही यंत्रे आहेत, आणि त्यांना हृदय धडधडण्याचे कारण विचारण्याची सवय नाही. त्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, वरच्या मजल्यावरच्या गळतीचा विषय निघाला असता, खुर्चीवरून न हलता एखाद्या ज्येष्ठ सभासदाची व्यायामाची काही मिनिटे भरून निघणे तत्त्वतः शक्य आहे. वैद्यकशास्त्र याला व्यायाम मानत नाही, सभासद मानतात.

आता दहा हजारांचा प्रश्न. दिवसाला दहा हजार पावले चालावीत, हे वचन आज घरोघरी इतक्या श्रद्धेने उच्चारले जाते, की ते चरकसंहितेतले असावे असा अनेकांचा समज आहे. त्याचा उगम मात्र टोकियोत आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले होते, आणि त्याच सुमारास, १९६५ मध्ये, यामासा या घड्याळे व मापनयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने कमरेला अडकवायचे एक पाऊलमोजणी यंत्र बाजारात आणले, ज्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा गुंफलेला होता. गोल आकडा ध्यानात राहतो, ध्यानात राहिलेली वस्तू खपते, आणि खपलेल्या वस्तूचा आकडा कालांतराने शास्त्र म्हणून मान्यता पावतो, अशी ही परंपरा आहे.

मराठी माणसाला मोजून चालण्याचे वावडे कधीच नव्हते. जेवणानंतरच्या शतपावलीचे उद्दिष्ट तर केवळ शंभराचे होते, आणि तेही गॅलरीतल्या गॅलरीत, ढेकर देत, पूर्ण करण्याची मुभा होती. जपानने ते एकदम शंभरपट केले, एवढाच फरक. चातुर्मासात लक्ष प्रदक्षिणांचा नेम धरणाऱ्या बायका देवळातल्या पिंपळाभोवती फिरताना वाटीतल्या गव्हाच्या दाण्यांवर हिशेब ठेवत, दर फेरीला एक दाणा या वाटीतून त्या वाटीत जाई, आणि शेजारणीने मध्येच बोलण्यात गुंतवले तर चुकलेली फेरी पुन्हा घातली जाई. या पद्धतीत चार्जिंगची गरज नव्हती, हिशेब थेट देवाशी असल्यामुळे अफरातफरीचा प्रश्न उद्भवत नव्हता, आणि व्रताच्या अखेरीस गहू दळता येत होते.

खरोखर किती चालले म्हणजे पुरे, याविषयी अलीकडे जे संशोधन झाले, ते ज्येष्ठांना दिलासा देणारे आहे. बोस्टनमधील आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या कमरेला मापक बांधून जी पाहणी केली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, तीत दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचे पुढील चार-पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ वाढेनासा झाला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षातही साठीपुढच्यांसाठी ही मर्यादा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान आली. शतपावलीच्या अभिमान्यांसाठीही एक आधार उपलब्ध आहे: साठीपुढच्या दहा जणांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, दर जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने दिवसभराची रक्तशर्करा सुधारलेली दिसली. माणसे दहाच होती, हे शतपावलीचे अभिमानी सांगत नाहीत.

हे निष्कर्ष बागेतल्या बाकांपर्यंत पोहोचले तेव्हा त्यांचे स्वागत संमिश्र झाले. ज्यांनी चालायला अजून सुरुवातच केलेली नव्हती, त्यांना आपण थांबलो ते बरेच झाले असे वाटले. जे वर्षानुवर्षे नेमाने दहा हजार चालत आले होते, त्यांच्या मनात मात्र दररोजच्या अडीच हजार जादा पावलांचा प्रश्न उभा राहिला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचे मन अशा वेळी स्वस्थ बसत नाही. जादा भरणा झालेला आहे, तो परत मिळणार नसेल तर निदान पावसाळ्यातल्या खाड्यांपोटी वळता करून घ्यावा, असा त्याचा सरळ युक्तिवाद असतो, आणि शरीर हे चालू खाते आहे, मुदत ठेव नव्हे, हे त्याला कितीही पटवून दिले तरी तो व्याजाची चौकशी करतो.

हा मुद्दा वरवर विनोदी वाटला, तरी ज्येष्ठांसाठी तंत्रज्ञान घडवणाऱ्यांचे दुर्लक्ष नेमके येथेच होते. त्यांच्या कल्पनेतला वृद्ध हा यंत्रापुढे भांबावणारा, बोट कोठे टेकावे हे न कळणारा जीव असतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील आजच्या सत्तरीच्या पिढीतील फार मोठा भाग कचेऱ्या, शाळा, बँका, गिरण्या, एसटी महामंडळ आणि टपाल खाते यांत तीस-पस्तीस वर्षे हजेरीपटावर सही करून निवृत्त झालेला आहे, आणि आकडा मागणाऱ्या यंत्रणेला आकडा कसा पुरवावा, याचे या पिढीइतके सखोल शिक्षण दुसऱ्या कोणत्याही पिढीला मिळालेले नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जो सिद्धान्त मांडला, त्याचे आज रूढ झालेले रूप असे आहे, की एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. मार्चअखेर ज्याने एकदा तरी पाहिलेली आहे, त्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही.

त्यामुळे घड्याळ हातात पडल्यावर पहिल्या पंधरवड्यातच पळवाटांचे शास्त्र विकसित होते. झोपाळ्यावर बसून हात मागेपुढे हलवणे हा प्राथमिक प्रकार असून तो लवकरच बाद ठरतो, कारण त्यात चालण्याइतकेच श्रम पडतात. नातवाच्या मनगटाला घड्याळ बांधून त्याला क्रिकेट खेळायला पाठवणे हा प्रगत प्रकार होय. गिरण्यांमध्ये बदली कामगाराची जी रीतसर प्रथा होती, तिचेच हे कौटुंबिक रूप म्हणता येईल, आणि बदली कामगाराप्रमाणे नातूही मोबदला रोख मागतो. या प्रकाराला एकच धोका असतो: संध्याकाळच्या सहा ते सात या वेळेत आजोबांनी ताशी अठरा किलोमीटर वेगाने धाव घेतल्याची नोंद आढळली, तर त्याचा खुलासा करणे अवघड जाते.

प्रामाणिक माणसाचे हाल याहून अधिक असतात. अशा घरातील रात्री साडेअकराचे दृश्य तपशिलाने पाहण्याजोगे आहे. दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवलेला असतो. टीव्हीपासून फ्रिजपर्यंत चौदा पावले, तेथे वळून मोरीच्या दारापर्यंत नऊ, आणि जेवणाच्या टेबलाला वळसा घालून परत टीव्हीपर्यंत सतरा, असा मार्ग मोजून ठरलेला असतो, आणि त्या मार्गावर लेंगा व बंडी परिधान केलेली एक व्यक्ती, घड्याळाचा हात जरा जास्तच हलवत, ठरावीक गतीने फिरत असते. आतल्या खोलीतून, “अहो, झोपा आता, उद्या चाला,” असा आवाज येतो, आणि त्यावर, “उद्याची उद्या; आजची तीनशे बारा राहिलीत,” असे उत्तर जाते. बारा वाजता घड्याळ शून्यावर येणार असल्यामुळे या उत्तराला कायद्याचा आधार असतो. दहा हजार पूर्ण होताच मनगट थरथरते, पडद्यावर रंगीत आतषबाजी फुटते, आणि ती व्यक्ती जेथे असेल तेथेच, फ्रिजपाशी तर फ्रिजपाशी, थांबते. खोलीपर्यंतची पुढची पावले हिशेबाबाहेरची असल्यामुळे ती नाराजीने टाकली जातात. मध्यरात्रीनंतर या वयात दोन-तीनदा उठावे लागते, ती ये-जा मात्र वाया जात नाही. ती दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर आरंभीची शिल्लक म्हणून जमा होते.

घड्याळाची एवढी थट्टा केल्यावर त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये पाऊलमापकांविषयीच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे यंत्र वापरणाऱ्यांचे चालणे आधीपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि ही वाढ विशेषतः अशांच्या बाबतीत होती, ज्यांच्यापुढे एखादा ठरलेला आकडा होता. त्या अभ्यासांतल्या माणसांचे सरासरी वय ४९ होते, हे खरे. परंतु रात्री साडेअकराला फ्रिजपाशी वळणारी व्यक्तीही तेच सिद्ध करत असते. आकडा खोटा असला तरी पाय खरेच चाललेले असतात.

मनगटावरच्या नोंदी ज्यांच्याकडे पोहोचतात, त्या पर्यवेक्षक अपत्याकडे आता वळावे लागेल. ते बहुधा न्यू जर्सी, बंगळूर किंवा सिंगापूर येथे असते. पुण्यात संध्याकाळ होते तेव्हा न्यू जर्सीत सकाळ उजाडते, आणि तेथील स्वयंपाकघरात कॉफी तयार होईपर्यंतच्या वेळात आईवडिलांच्या आदल्या दिवसाचा गोषवारा फोनवर पाहून घेण्याची सोय या तंत्रज्ञानाने केलेली आहे. “बाबा, काल फक्त अकराशे?” हा प्रश्न ज्या गृहस्थांना विचारला जातो, त्यांनी नोकरीत असताना हाताखालच्या माणसांकडून आयुष्यभर लेखी खुलासे मागवलेले असतात, त्यामुळे खुलाशाचा मसुदा त्यांच्या तोंडी तयार असतो: पाऊस होता, संकष्टी होती, घड्याळ चार्जिंगला होते, आणि सरतेशेवटी, “तू आधी तुझी किती झाली ते सांग.” हा शेवटचा प्रश्न आल्यावर संभाषण बहुधा तिकडच्या हवामानाकडे वळते, कारण दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्या चाळिशीतल्या मुलाची पावले सत्तरीतल्या बापापेक्षा कमी भरण्याची शक्यता मोठी असते. वधूपक्ष आणि वरपक्ष यांना एकाच पावलांच्या गटात घालण्याची चूक एखाद्या उत्साही सुनेने केली, तर मात्र प्रश्न आरोग्याचा राहत नाही. व्याह्यांच्या मागे राहण्यापेक्षा भर पावसात छत्री घेऊन बाहेर पडणे परवडते, असे दोन्हीकडच्या मंडळींचे एकमत असते.

निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेखाली तो बोटाच्या ठशावर, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही देता येतो, ही मोठीच सोय झाली. तरीही यातली विसंगती पेन्शनरांच्या नजरेतून सुटलेली नाही: ज्याच्या नाडीचा दर ठोका घड्याळ रात्रंदिवस नोंदवत आहे, आणि ती नोंद तीन खंडांतल्या नातेवाइकांना उपलब्ध आहे, त्याला आपण जिवंत असल्याचे सरकारदरबारी वेगळे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी डोळे मिचकावून दाखवावे लागतात.

पर्यवेक्षणाची सर्वांत गंभीर शाखा म्हणजे पडण्याचा शोध. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ही सोय आली, आणि नंतर इतरांनीही ती आणली: मनगटाची विशिष्ट हालचाल आणि तिच्या शेवटी बसलेला जोराचा आघात यांवरून माणूस पडला असे घड्याळ ओळखते, त्याला तसे विचारते, आणि साधारण मिनिटभर तो हललाच नाही तर स्वतःहून मदतीसाठी फोन लावते. ही सोय लाखमोलाची आहे, कारण ज्येष्ठ माणूस पडतो त्याहून अधिक वेळा ते लपवतो. “पडले कुठे, नुसती खाली बसले,” हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तेथे मुलांना कळले तर उद्यापासून एकटीने देवळात जाणे बंद होईल, हा त्यामागचा नेमका हिशेब असतो, आणि हालचाल सांभाळण्यासाठी लपवलेले पडणेच पुढे हालचाल संपवते. मात्र आघाताच्या बाबतीत यंत्राचा संशय अधूनमधून भलतीकडे जाऊ शकतो. सत्यनारायणाच्या पूजेत यजमानाने हात उंच नेऊन नारळ फोडला आणि पाठोपाठ डोळे मिटून निश्चल उभा राहिला, तर यंत्राच्या दृष्टीने हा सारा प्रकार चिंताजनकच होय. अशा वेळी शेजाऱ्यांना त्या आवाजावरून खोबऱ्याची आशा वाटावी आणि सिंगापूरच्या मुलीला त्याच क्षणी घाम फुटावा, हे संभवनीय आहे.

या घड्याळापूर्वी ज्येष्ठांना हलवणारे तंत्रज्ञान नव्हतेच, असे मानण्याचे कारण नाही. जपानी नभोवाणीने १९२८ पासून सकाळी कवायतीचा कार्यक्रम सुरू केला, ज्याला रेडिओ ताइसो म्हणतात. पियानोच्या सुरावर काही मिनिटे हातपाय हलवायचे, एवढेच त्याचे स्वरूप, आणि महायुद्धानंतरचा काही काळ वगळला तर तो आजही सकाळी साडेसहाला चालू आहे. घरोघरी रेडिओ असूनही तेथील म्हातारी माणसे अजून बागेत एकत्र जमून ही कवायत करतात, यात त्या कार्यक्रमाच्या दीर्घायुष्याचे बरेचसे कारण सापडते. ताइवानमध्ये २०१८ साली सत्तरीच्या एका आजोबांनी सायकलला अकरा मोबाइल बांधून पोकेमॉन गो हा खेळ खेळत फिरण्याचा विक्रमी सपाटा लावला होता. पोकेमॉन म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाने नातवाला विचारावे. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेले हास्यक्लब मात्र यंत्राविना वाढले, आणि २०२० च्या टाळेबंदीत ते नाइलाजाने व्हिडिओ कॉलवर आले, तेव्हा पडद्यावरच्या वीस चौकटींत वीस चेहरे गदागदा हसत असून सर्वांचा आवाज बंद आहे, असे जे दृश्य दिसे, ते पाहून घरच्यांना खरे हसू येई.

इतक्या मोजणीनंतरही एक गोष्ट मनगटाच्या आवाक्याबाहेर राहते. वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटत जाते, आणि या घटीला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिले. ही घट नुसत्या चालण्याने पुरेशी रोखली जात नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांखेरीज, ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम सांगितलेला आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची जी पाहणी २०१७-१८ मध्ये केली, तीतही हाताच्या पकडीचा जोर, तोल आणि चालण्याचा वेग तपासण्यात आला होता. पाटावर बसून जेवणे आणि हात न टेकता उठणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, माळ्यावरचा डबा टाचा उंचावून काढणे, यांत तोल आणि ताकद दोन्ही होते. जेवणाचे टेबल, कमोड आणि गॅसचा ओटा आल्यावर गुडघ्यांची सोय झाली आणि मांड्यांचे काम गेले. घड्याळ यांपैकी कशाचीच फारशी नोंद ठेवत नाही. पाटावरून उठणे हे त्याच्या लेखी फार तर एक पाऊल.

ही ताकद तपासण्याची एक सोपी चाचणी १९९१ पासून वापरात आहे, आणि तिला लागणारे तंत्रज्ञान म्हणजे एक हातांची खुर्ची, जमिनीवर खडूची एक रेघ आणि सेकंद दाखवणारे कोणतेही घड्याळ. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालत जायचे, रेघेपाशी वळायचे, परत यायचे आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसायचे. याला बारा किंवा अधिक सेकंद लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून पुढची तपासणी करावी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे. अशी चाचणी एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघात ठेवली जाते तेव्हा तिच्या निष्कर्षांवर स्थानिक परिस्थितीचा परिणाम होतो. प्रथम खुर्ची कोणती घ्यावी यावर चर्चा होते, कारण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय फाकतात. मग तीन मीटर कोठून मोजावेत, खुर्चीच्या पुढच्या पायापासून की मागच्या, यावर माजी सर्वेक्षक आणि माजी मुख्याध्यापक यांच्यात मतभेद होतात. आणि अखेर मानाप्रमाणे पहिली चाचणी अध्यक्षांची असावी व खुर्चीही त्यांचीच, व्यासपीठावरची, घ्यावी, असा ठराव होतो. अध्यक्ष सलग पाच कार्यकाळ त्या खुर्चीवर असल्यामुळे उठण्यास त्यांना नेहमीप्रमाणे वेळ लागतो, आणि रेघेपर्यंतचे तीन मीटर ते सभागृहाला नमस्कार करत सावकाश पार करतात, तोपर्यंत आठ सेकंद उलटून गेलेले असतात. मात्र रेघेपाशी वळताच, उपाध्यक्ष आपली शाल सावरत रिकाम्या खुर्चीच्या दिशेने सरकत असल्याचे त्यांच्या नजरेस पडते, आणि परतीचे तेवढेच अंतर ते दोन सेकंदांत कापतात.